भिंतीपलीकडून आलेला आवाज : ट्रेसी चॅपमन यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची नवी आवृत्ती

अमेरिकन गायिका आणि गीतकार ट्रेसी चॅपमन यांची त्यांच्याच नावाने ५ एप्रिल १९८८ रोजी प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका नव्या कोऱ्या तबकडीच्या रूपात कित्येक वर्षे मिळत नव्हती. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्यांकडे ती क्वचित दिसे, पण बहुतेक प्रतींवर इतके ओरखडे असत की गिटारच्या प्रत्येक स्वरामागे पत्र्यावर पाऊस पडत असल्यासारखा आवाज येई. २०२५ च्या एप्रिलमध्ये, ३५ व्या वर्षाच्या निमित्ताने (प्रत्यक्षात तोवर ३७ वर्षे झाली होती), ती पुन्हा छापली गेली, आणि या कामावर स्वतः चॅपमन यांनी आणि मूळ निर्माते डेव्हिड केर्शेनबॉम यांनी देखरेख केली. गेले तीन महिने मी ती दादरच्या घरी ऐकत आहे. यातील गाणी मला सतराव्या वर्षापासून पाठ आहेत, त्यामुळे हे परीक्षण तटस्थ आहे असा माझा दावा नाही. मात्र तबकडीचे गुणदोष मी जसे आढळले तसेच सांगणार आहे.

आधी खरेदीविषयी. आयात केलेली असल्यामुळे ही तबकडी मला ३,४०० रुपयांना पडली, आणि ही रक्कम लहान नाही. प्रथम मी ती घरपोच मागवली, तेव्हा खोक्याचा एक कोपरा दबलेला होता आणि तबकडीला बाक आला होता. फिरताना सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली होत होती आणि बाहेरच्या कडेला असलेल्या पहिल्या गाण्यात स्वर हेलकावत होता. ती बदलून मिळण्यासाठी दहा दिवस आणि चार पत्रे खर्ची पडली. दुसरी प्रत मी दुकानात स्वतः जाऊन, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून, सपाट असल्याची खात्री करून घेतली. तबकडी घरपोच मागवायचीच असेल तर ती निदान मे महिन्यात मागवू नये, कारण उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोमध्ये दोन तास काढलेली कोणतीही तबकडी सरळ राहील याची शाश्वती नसते.

निर्दोष प्रतीत सर्वांत आधी जाणवते ती गाण्याभोवतीची शांतता. १९८८ हा काळ सिंथेसायझरचा आणि प्रतिध्वनीत बुडवलेल्या ढोलांचा होता. त्या काळात केर्शेनबॉम यांनी गायिकेचा आवाज आणि तिची गिटार पुढे ठेवून बाकी साथ जाणीवपूर्वक मागे ठेवली. डेनी फाँगहायझर यांचे ड्रम्स आणि लॅरी क्लाइन यांचा बास गरजेपुरतेच येतात आणि काम होताच बाजूला सरतात. माझ्या जुन्या कॅसेटवर हे सारे एकमेकांत मिसळून गेले होते. या तबकडीवर ‘फास्ट कार’च्या सुरुवातीची गिटारची फेर धरणारी ओळ ऐकताना बोटे तारेवरून सरकल्याचा बारीक आवाजही वेगळा कळतो, आणि ओळ सुरू होण्यापूर्वी गायिकेने घेतलेला श्वासही. ३६ मिनिटांच्या, ११ गाण्यांच्या या ध्वनिमुद्रिकेत सर्व गाणी चॅपमन यांनी एकटीने लिहिली आहेत, आणि ती लिहिणारी व्यक्ती प्रकाशनाच्या वेळी २४ वर्षांची होती.

चॅपमन यांचा जन्म ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यावर दोन मुलींना आईने एकटीने वाढवले. गुणी पण गरीब मुलांना चांगल्या शाळांत पाठवणाऱ्या एका योजनेतून त्यांना कनेक्टिकटमधील निवासी शाळेत शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढे टफ्ट्स विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. शिकत असताना त्या केंब्रिजच्या हार्वर्ड चौकात रस्त्यावर उभ्या राहून गात असत. विद्यापीठातील ब्रायन कॉपलमन या विद्यार्थ्याने त्यांचे गाणे ऐकले आणि संगीतव्यवसायात असलेल्या आपल्या वडिलांपर्यंत पोहोचवले; तेथून ही ध्वनिमुद्रिका उभी राहिली. मानववंशशास्त्राच्या अभ्यासाची खूण मला त्यांच्या लेखनात दिसते. समाजाविषयी मत मांडण्याची घाई त्या करत नाहीत. एक माणूस, त्याचे घर, त्याची नोकरी, त्याच्या घरातली बाटली, एवढेच समोर ठेवतात.

११ जून १९८८ चा प्रसंग यापूर्वी अनेकांनी लिहिला आहे, तरीही तो येथे सांगणे भाग आहे. नेल्सन मंडेला तेव्हा तुरुंगात होते आणि त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्बली मैदानावर वर्णद्वेषाविरुद्ध मोठा संगीतसोहळा भरला होता. चॅपमन यांचे छोटेसे गायन दुपारीच आटोपले होते. संध्याकाळी स्टीव्ही वंडर मंचावर येण्याच्या बेतात असताना त्यांच्या सिंथेसायझरची, सूर साठवलेली हार्ड डिस्क सापडेना आणि ते विमनस्क होऊन निघून गेले. रिकामी वेळ भरून काढण्यासाठी आयोजकांनी चॅपमन यांना पुन्हा बोलावले. हजारोंनी भरलेल्या मैदानासमोर आणि दूरचित्रवाणीवरून पाहणाऱ्या जगासमोर ही मुलगी एक गिटार घेऊन एकटी उभी राहिली आणि ‘फास्ट कार’ गायली. त्या उन्हाळ्यात ही ध्वनिमुद्रिका ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी चॅपमन यांना तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मला यात नशिबाचा खेळ फारसा वाटत नाही. वाद्यांचा डोंगर असल्याशिवाय ज्याला गाता येत नाही, त्याला त्या संध्याकाळी दोन मिनिटांत मंचावर जाताच आले नसते.

ही ध्वनिमुद्रिका आमच्या घरी १९८९ मध्ये आली. माझ्या थोरल्या भावाने ती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, तेथील ऐकण्याच्या खोलीत आधी ऐकून, घेतली होती. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, त्या रस्त्याने जाताना मला आजही चुकल्यासारखे होते.) आम्ही लालबागला चाळीत राहत होतो, वडील गिरणीत होते आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या संपाने आमच्या भागाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. मराठी माध्यमात शिकलेल्या आम्हा दोघांना इंग्रजी गाणे एका दमात कळणे शक्य नव्हते. भाऊ कॅसेट थांबवून, मागे नेऊन, एकेक ओळ वहीत उतरवून घेई आणि अडलेले शब्द आम्ही शब्दकोशात पाहत असू.

‘फास्ट कार’ हे प्रेमगीत आहे अशी आमची पहिल्या आठवड्यात समजूत होती, आणि आजही अनेकांची तशीच असते. प्रत्यक्षात ती एका मुलीची हकीकत आहे. वडील दारूत बुडालेले आहेत, आई घर सोडून गेली आहे, वडिलांना सांभाळण्यासाठी मुलीने शाळा सोडली आहे आणि ती दुकानात काम करून पैसे साठवते आहे. तिच्या मित्राकडे गाडी आहे आणि त्या गाडीतून दोघे शहर सोडतात. दुसऱ्या शहरात तिला दुकानाच्या काउंटरवर नोकरी मिळते, त्याला मिळत नाही, आणि गाणे संपता संपता तो दारूच्या अड्ड्यावर मुलांपेक्षा मित्रांना अधिक भेटू लागतो. म्हणजे ज्या बापापासून ती पळाली, तोच बाप तिच्या नव्या घरात येऊन बसतो. गिटारची ती फेर धरणारी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत का बदलत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

हे गाणे गिरणगावात समजावून सांगावे लागत नव्हते. संपानंतर आमच्या मजल्यावरच्या किती मुलींनी नववी-दहावीत शाळा सोडली, किती घरांत बायकांनी खाणावळ चालवून किंवा पापड लाटून संसार ओढला आणि किती घरांत पुरुष कट्ट्यावर बसले ते बसलेच, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला आणि चाळींतल्या मुली काउंटरच्या मागे उभ्या राहू लागल्या. तेथे मी आजही खरेदी करताना बिल करणाऱ्या मुलीकडे पाहते, तेव्हा हे गाणे आठवते. चॅपमन यांनी ते क्लीव्हलंडच्या कामगारवस्तीत वाढलेल्या मुलीच्या नजरेने लिहिले; पोलादाच्या भट्ट्या असोत की सुताचे साचे, काम गेले की घराचे काय होते, हे तिला ठाऊक होते.

चॅपमन यांचे नाव घेताना ‘चळवळीची गायिका’ असे सर्रास म्हटले जाते, आणि मुंबईच्या कानाला चळवळीचे गाणे म्हटले की एक निश्चित आवाज अपेक्षित असतो. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी तो आवाज या शहराला दिला. डफाची थाप पडावी, तुणतुण्याने सूर धरावा, आणि शाहिराचा चढा आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत जावा, अशी ती परंपरा आहे. अण्णाभाऊंनी मुंबईवर लिहिलेल्या लावणीत मलबार हिल आणि कष्टकऱ्यांची वस्ती समोरासमोर उभी केली, आणि तो विरोध ऐकताच अंगावर येतो. चॅपमन यांच्यात यातले काहीच नाही. पहिल्या गाण्यात क्रांतीची चर्चा आहे खरी, पण ती चर्चा कुजबुजीसारखी ऐकू येते असे त्या सांगतात; आणि खरोखरच त्या आवाज चढवत नाहीत. म्हणूनच माझ्या भावाच्या मित्रांपैकी काहींना ही गाणी मवाळ वाटली होती.

मला मात्र त्यांचे नाते शाहिरीपेक्षा जात्यावरच्या ओवीशी अधिक जवळचे वाटते. पहाटे घर झोपलेले असताना बाई जात्यापाशी बसते आणि जे कोणाजवळ बोलता येत नाही ते जात्याला सांगते; सासुरवास, मार, माहेरची आठवण, लेकीची काळजी. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कोणत्याही सभेत म्हणायच्या म्हणून रचलेल्या नव्हत्या, तरी त्यांत घरातल्या सत्तेविषयीची जी साक्ष आहे ती आपल्याकडच्या फारच थोड्या लिखित साहित्यात मिळते.

‘बिहाइंड द वॉल’ हे पहिल्या बाजूचे चौथे गाणे या जातकुळीचे आहे. ते दोन मिनिटांहून कमी वेळाचे आहे आणि त्याला एकाही वाद्याची साथ नाही. सांगणारी शेजारीण आहे. रात्री भिंतीपलीकडून किंकाळ्या आल्या, झोप लागली नाही, पोलिसांना बोलावून उपयोग नाही, कारण ते आलेच तर उशिरा येतात आणि नवराबायकोच्या मामल्यात आम्ही पडत नाही म्हणतात. मग एके रात्री किंकाळी येते, तिच्यामागून शांतता येते, आणि रुग्णवाहिका. ओरडण्याचे अनुकरण नाही, संताप नाही, मार खाणाऱ्या बाईचे नावही नाही. जिने ऐकले आणि जी काही करू शकली नाही, तिच्या आवाजात हे सांगितले आहे, आणि त्यामुळे ऐकणारा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

चाळीत वाढलेल्या माणसाला ती जागा परिचयाची असते. आमच्याही भिंतीपलीकडून असे आवाज येत, आणि दुसऱ्या दिवशी नळावर ती बाई पदर पुढे ओढून उभी असे. कोणी काही विचारत नसे. भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ मध्येच आले होते, पण कौटुंबिक हिंसेपासून स्त्रियांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. मधली सारी वर्षे आमच्या मजल्यावर ‘त्यांच्या घरातला प्रश्न’ हेच उत्तर चालत होते. कॅसेटवर या गाण्यामागे फितीची खरखर होती. नव्या तबकडीवर ओळ संपल्यानंतर काहीही ऐकू येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पुढचा आवाज येण्याची वाट पाहावी लागते. मी या तबकडीसाठी दिलेले पैसे या दोन मिनिटांतच वसूल झाले असे मला वाटते.

दुसऱ्या बाजूविषयी मी इतकी समाधानी नाही. ‘शीज गॉट हर तिकीट’ची रेगेची (जमैकातल्या लोकप्रिय संगीताची) चाल त्या काळच्या रेडिओसाठी घडवल्यासारखी वाटते आणि येथे ड्रम्स जरा पुढे येतात, स्वच्छ छपाईमुळे हा दोष अधिकच उघडा पडतो. ‘व्हाय?’ या गाण्यात सर्वांना पुरेल एवढे अन्न असताना मुले उपाशी का, क्षेपणास्त्रांना शांतिरक्षक का म्हणायचे, असे प्रश्न एकामागून एक येतात. अमेरिकेने तेव्हा एका अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राला खरोखरच ‘पीसकीपर’ हे नाव दिले होते, त्यामुळे प्रश्न काल्पनिक नाही. तरी ज्या कवयित्रीने पहिल्या बाजूला न विचारता इतके सांगितले, तिच्याकडून अशी प्रश्नांची यादी मला सपाट वाटते. ‘माउंटन्स ओ थिंग्ज’ मात्र फार वरच्या दर्जाचे आहे. श्रीमंतीची स्वप्ने पाहणाऱ्या गरीब माणसाची ती हाव आहे आणि तिचा न्याय करण्याचे चॅपमन टाळतात. शेवटचे ‘फॉर यू’ पुन्हा केवळ आवाज आणि गिटार यांच्यावर येते, आणि तबकडीच्या आतल्या कडेला, जेथे आवाज सहसा कोंडल्यासारखा होतो, तेथेही छपाई टिकून राहते.

गाण्यांबाहेरचे त्यांचे काम याच ध्वनिमुद्रिकेपासून सुरू झाले. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला ४० वर्षे पूर्ण झाली म्हणून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये जगभर २० कार्यक्रमांचा दौरा काढला, त्यात ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल आणि सेनेगलचे यूसू एन्दूर यांच्याबरोबर चॅपमन होत्या. हा दौरा ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये आला. मुंबईला तो आला नाही याची हळहळ माझ्या भावाने अनेक वर्षे केली. त्या जाहीरनाम्याशी मुंबईचे नाते मात्र आहे. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत, हा आग्रह मसुदा ठरवताना भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला, आणि त्या आपल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. ‘बिहाइंड द वॉल’ लिहिणारी गायिका तो जाहीरनामा घेऊन जगभर फिरली, तेव्हा त्यातला तो एक शब्द या शहरातल्या एका बाईने बदललेला होता, हे मला अलीकडेच वाचनात आले आणि फार बरे वाटले.

१९८९ च्या ‘क्रॉसरोड्स’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे गाणे घातले. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले आणि एप्रिलमध्ये वेम्बलीला झालेल्या सोहळ्यात ते स्वतः उपस्थित असताना चॅपमन पुन्हा गायल्या. १९९५ च्या ‘न्यू बिगिनिंग’ने त्यांना दुसऱ्यांदा मोठे यश दिले. एकूण आठ ध्वनिमुद्रिका करून २००८ नंतर त्यांनी नवी काढलेली नाही. आपल्या गाण्याचा भाग परवानगीशिवाय वापरला गेल्याबद्दल २०१८ मध्ये त्या न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये साडेचार लाख डॉलरवर तो दावा मिटला. २०२३ मध्ये ल्यूक कॉम्ब्स या कंट्री (अमेरिकेतील ग्रामीण ढंगाचे संगीत) गायकाने ‘फास्ट कार’ गाऊन ते पुन्हा घरोघरी नेले. त्यामुळे चॅपमन कंट्री संगीत संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार ठरल्या. ४ फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात दोघे ते एकत्र गायले. मी ती ध्वनिचित्रफीत अनेकदा पाहिली आहे; साठीला टेकलेल्या चॅपमन यांनी गिटारची ती ओळ सुरू केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेले हसू अतिशय मोकळे होते.

मुंबईत ही तबकडी सांभाळणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या वेष्टनावर बुरशी धरते आणि मॅट माहुरिन यांनी काढलेले, मान खाली घातलेल्या चॅपमन यांचे ते तपकिरी छायाचित्र खराब होते, म्हणून तबकडी बाहेरून प्लॅस्टिकच्या पिशवीत, उभी आणि भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या दर पंधरवड्याला बदलाव्यात. ज्यांच्याकडे वाजवण्याचे यंत्र नाही त्यांनी केवळ या एका तबकडीसाठी ते घ्यावे असे मी म्हणणार नाही. तीच गाणी मोबाइलवर मिळतात. मात्र तेथेही पहिली पाच गाणी सलग, मूळ क्रमाने ऐकावीत, कारण ‘अक्रॉस द लाइन्स’मधल्या रस्त्यावरच्या वांशिक दंगलीनंतर लगेच भिंतीपलीकडची खोली येते, आणि हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे.

भावाची ती कॅसेट केव्हाच गेली. वही मात्र त्याने जपली आहे. तो आता बदलापूरला राहतो आणि त्याच्याकडे यंत्र नाही. येत्या रविवारी यंत्र आणि तबकडी दोन्ही घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे, आणि आम्ही १९८९ मध्ये चुकीच्या ऐकलेल्या ओळी वहीत दुरुस्त करणार आहोत.